पाच इंचांचा न्याय

१५ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात, ॲस्ट्रोडोम या छप्पर घातलेल्या अवाढव्य मैदानात, ह्यूस्टन ॲस्ट्रोज आणि न्यूयॉर्क मेट्स समोरासमोर आले. बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. नववा डाव संपला तेव्हा दोन्ही संघांच्या नावापुढे शून्य होतं. बरोबरी झाली की निकाल लागेपर्यंत एकेक डाव वाढवत न्यायचा, हा खेळाचा रिवाज. दहावा डाव गेला, पंधरावा गेला, विसावा गेला. मेट्सचा तरुण पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, टॉम सीव्हर तब्बल दहा डाव टाकून थांबला, त्याच्या जागी दुसरे आले, तेही दमले. मध्यरात्र उलटली तरी फलकावर धाव लागेना. अखेर चोविसाव्या डावात तिन्ही बेसवर ह्यूस्टनचे धावपटू उभे असताना मेट्सच्या शॉर्टस्टॉपच्या हातून जमिनीलगतचा एक चेंडू निसटला आणि सामना १-० असा संपला. सहा तास सहा मिनिटांच्या त्या झुंजीत झालेली एकुलती एक धाव बॅटच्या पराक्रमाची नव्हती, क्षेत्ररक्षणातल्या चुकीची होती.

हंगाम नुकताच सुरू झाला होता. पुढच्या साडेपाच महिन्यांत काय होणार आहे, याची वर्दी त्या रात्रीने दिली. अमेरिकी बेसबॉलच्या इतिहासात १९६८ हे ‘पिचरचं वर्ष’ म्हणून ओळखलं जातं. त्या वर्षी पिचिंगची कला तिच्या शिखरावर पोचली, आणि त्याच वर्षी खेळ चालवणाऱ्यांना कळून चुकलं की हे असंच चाललं तर खेळ बुडेल. मात्र त्या शिखराचा पाया पाच वर्षांपूर्वी एका बैठकीत घातला गेला होता. म्हणून ही गोष्ट जितकी थोर पिचरांची, तितकीच नियम करणाऱ्यांचीही आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एक फरक आधी सांगायला हवा. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू आपल्याकडचा फलंदाज दिवसभर सोडू शकतो. बेसबॉलच्या फलंदाजाला ती सोय नाही. होम प्लेटच्या रुंदीएवढा आणि त्याच्या शरीराच्या उंचीवर मोजलेला एक अदृश्य चौकोन त्याच्यासमोर असतो, त्याला स्ट्राइक झोन म्हणतात. त्यातून जाणारा चेंडू सोडला तरी तो स्ट्राइक, मारायला जाऊन चुकला तरी स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. समोर ६० फूट ६ इंचांवर मातीचा एक उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात. पिचर त्या उतारावर पाऊल टाकत ताशी ९० मैलांहून अधिक वेगाने टप्पा न पाडता चेंडू फेकतो. तो चेंडू फलंदाजापर्यंत पोचायला सेकंदाच्या चार-दशांश भागाइतका वेळ लागतो. झोन किती मोठा आणि माउंड किती उंच, यावर त्या क्षणाचा निकाल फार मोठ्या प्रमाणात ठरतो, आणि ही दोन्ही मापं नियमांच्या पुस्तकात माणसांनी लिहिलेली असतात.

ही मापं बदलण्याची रीतही जुनीच. १८९३ मध्ये पिचरला मागे नेऊन आजच्या अंतरावर उभं केलं, तेव्हा नॅशनल लीगच्या फलंदाजांनी एका हंगामातच उसळी घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिचर थुंकी, तंबाखू, माती लावून चेंडू मळकट करत आणि तो हवेत हवा तसा वळवत. १९२० पासून थुंकीच्या चेंडूवर बंदी आली. जे मोजके पिचर आधीपासून त्यावर पोट भरत होते, त्यांना तेवढी सूट मिळाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला. त्यानंतर मळके चेंडू बाजूला काढून स्वच्छ चेंडू वापरण्याकडे पंचांचं लक्ष वाढलं. त्याच हंगामात बेब रूथने ५४ होम रन, म्हणजे कुंपणापलीकडे जाणारे फटके, मारले आणि बेसबॉल फलंदाजांचा खेळ झाला. पुढची चाळीस वर्षं बहुतांशी तो तसाच राहिला.

१९६१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजच्या रॉजर मॅरिसने ६१ होम रन मारून रूथचा ६० चा विक्रम मोडला. नॅशनल आणि अमेरिकन या दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी दोन नवे संघ आले होते आणि सामन्यांची संख्या १५४ वरून १६२ झाली होती. बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक हे वार्ताहर असताना रूथच्या नावाने मजकूर लिहून देत. त्यांची रूथवर मनापासून भक्ती होती. मॅरिस विक्रमाकडे सरकत असतानाच फ्रिक यांनी जाहीर केलं की १५४ सामन्यांत झालेला विक्रमच रूथच्या विक्रमाच्या जागी बसेल, नंतरचा वेगळा नोंदला जाईल. होम रन फार स्वस्त झाले आहेत, पिचरला काहीतरी आधार दिला पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

तो आधार १९६३ च्या हंगामाआधी मिळाला. तोवर स्ट्राइक झोन फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत होता. आता तो खांद्यापासून गुडघ्याच्या खालच्या कडेपर्यंत वाढवण्यात आला. वर काही इंच, खाली काही इंच, एवढाच बदल. परिणाम मात्र पहिल्याच हंगामात दिसला. १९६२ मध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी ४.४६ धावा काढत होता, १९६३ मध्ये ती सरासरी ३.९५ वर आली. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या सँडी कोफॅक्सने त्या वर्षी २५ सामने जिंकले. १९६५ मध्ये त्याने ३८२ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं, आणि १९६६ मध्ये २७ विजय मिळवून, दुखऱ्या कोपरामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली.

झोनच्या जोडीला इतरही गोष्टी पिचरच्या बाजूला उभ्या राहिल्या. रात्रीचे सामने वाढले, आणि दिव्यांखाली चेंडू दिसायला अवघड. डॉजर स्टेडियम, ॲस्ट्रोडोम अशी नवी मैदानं प्रशस्त होती, तिथे चेंडू कुंपणापलीकडे धाडणं कठीण. हातमोजे मोठे झाले. शेवटच्या डावांत ताज्या दमाचा पिचर आणण्याची पद्धत रुळली. वेगवान चेंडूसारखाच येऊन ऐनवेळी आडवा सरकणारा स्लायडर बहुतेक पिचरांच्या भात्यात आला. माउंडची उंची १९५० पासून १५ इंच ठरलेली होती आणि ती तशीच राहिली. यांपैकी प्रत्येक बदल छोटा होता, पण सगळे एकाच दिशेने झुकले होते.

याच काळात पिचरांची एक विलक्षण पिढी वयात आली. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत फोडल्यावर ज्यांना दार उघडलं, त्यांतले बरेचजण आता ऐन बहरात होते. डॉमिनिकन रिपब्लिकचा हुआन मारिचाल, क्यूबाचा लुइस टियांट, कॅनडाचा फर्ग्युसन जेन्किन्स, आणि नेब्रास्कातल्या ओमाहा शहरातल्या गरीब वस्तीत वाढलेला बॉब गिब्सन.

गिब्सन लहानपणी सतत आजारी असे. पुढे तो एवढा चपळ निघाला की काही काळ हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून बास्केटबॉलही खेळला. सेंट लुइस कार्डिनल्सचा हा पिचर चेंडू टाकताना सगळं अंग झोकून द्यायचा, इतकं की चेंडू सुटल्यावर तो पहिल्या बेसच्या दिशेने जवळजवळ कोसळायचा. जुलै १९६७ मध्ये रोबेर्तो क्लेमेंतेने मारलेला एक सणसणीत चेंडू त्याच्या पायावर आदळला. तरीही तो आणखी तीन फलंदाजांना चेंडू टाकत राहिला, मग हाड पूर्ण मोडलं आणि तो खाली बसला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो परतला आणि ऑक्टोबरमध्ये, दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या वर्ल्ड सीरिजमध्ये, बोस्टनविरुद्ध तीन सामने जिंकून गेला.

असा माणूस १९६८ मध्ये माउंडवर उभा राहिला. देशासाठी ते वर्ष भयंकर होतं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि हंगामाची सुरुवात पुढे ढकलावी लागली. जून उजाडला तेव्हा डॉजर्सचा डॉन ड्रिसडेल एकामागून एक शटआउट, म्हणजे समोरच्या संघाला एकही धाव न देता पूर्ण सामने, टाकत होता. ४ जूनच्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये त्याने लागोपाठ सहावा शटआउट पूर्ण केला. त्याच शहरातल्या अँबॅसडर हॉटेलात प्राथमिक निवडणूक जिंकलेल्या रॉबर्ट केनेडींनी विजयाच्या भाषणात ड्रिसडेलचं अभिनंदन केलं, आणि काही मिनिटांतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ड्रिसडेलची धावा न देण्याची मालिका चार दिवसांनी ५८ डाव आणि आणखी दोन बाद इथे थांबली. १९१३ चा वॉल्टर जॉन्सनचा विक्रम त्याने मागे टाकला होता.

ड्रिसडेल थांबला आणि गिब्सन सुरू झाला. जूनमध्ये त्याने लागोपाठ पाच शटआउट टाकले. हंगामात तो ३४ सामन्यांत पहिल्या चेंडूपासून उतरला आणि त्यांतले २८ त्याने स्वतःच संपवले. उरलेल्या सहांतही डाव चालू असताना त्याला कोणी माउंडवरून उतरवलं नाही. आपल्या संघाच्या फलंदाजीत त्याच्या जागी दुसरा फलंदाज पाठवला, म्हणून तेवढे सामने त्याच्या हातून सुटले. पिचरचं मोल नऊ डावांमागे त्याने आपल्या खात्यावर सरासरी किती धावा दिल्या यावरून ठरतं, आणि तीनच्या खालचा आकडा उत्तम मानतात. गिब्सनचा आकडा होता १.१२. पूर्ण हंगाम खेळून इतका कमी आकडा १९२० नंतर आजवर कोणालाही जमलेला नाही.

तरीही गिब्सन त्या वर्षी नऊ सामने हरला. यातच त्या हंगामाचं दुखणं दिसतं. समोरचा पिचरही तसाच अभेद्य असायचा आणि गिब्सनच्या स्वतःच्या संघालाही धावा मिळत नसत. १७ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत गेलॉर्ड पेरीने कार्डिनल्सला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठणं, मिळू दिला नाही आणि गिब्सन १-० असा हरला. दुसऱ्याच दिवशी, त्याच मैदानावर, कार्डिनल्सच्या रे वॉशबर्नने सॅन फ्रान्सिस्कोला एकही हिट मिळू दिला नाही. असा पराक्रम एरवी लोक वर्षानुवर्षं आठवत राहतात. तो सलग दोन दिवस घडला आणि हंगामाच्या ओघात वाहून गेला.

अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉइट टायगर्सच्या डेनी मॅक्लेनने ३१ सामने जिंकले. १९३४ च्या डिझी डीननंतर तिशी गाठणारा तो पहिलाच पिचर, आणि आजपर्यंतचा शेवटचाही. क्लीव्हलंडच्या टियांटची सरासरी १.६० होती. दोन्ही लीग मिळून सात पिचर दोनच्या आत राहिले. फलंदाजांची अवस्था दीनवाणी होती. ०.३०० ची सरासरी, म्हणजे दहा संधींत तीन हिट, ही चांगल्या फलंदाजाची जुनी खूण. त्या वर्षी सगळ्या मेजर लीगमध्ये ती फक्त सहाजणांना जमली, आणि अमेरिकन लीगमध्ये तर एकट्या कार्ल यास्त्रेम्स्कीला. ०.३०१ वर तो लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. या मानासाठी इतकी कमी सरासरी त्याआधी कधी पुरली नव्हती आणि त्यानंतरही पुरली नाही. जुलैत ॲस्ट्रोडोममध्ये झालेल्या ऑल-स्टार सामन्यात देशातले सगळे नामांकित फलंदाज एकत्र आले आणि तोही १-० असाच संपला. हंगामाअखेर सर्व फलंदाजांची मिळून सरासरी ०.२३७ भरली, मेजर लीगच्या इतिहासातली नीचांकी. एका संघाला एका सामन्यात मिळणाऱ्या धावा ३.४२ वर आल्या, १९०८ नंतर इतक्या कमी कधीच नव्हत्या. दोन्ही लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताबही पिचरांनाच गेला, गिब्सन आणि मॅक्लेन यांना.

२ ऑक्टोबरला सेंट लुइसमध्ये वर्ल्ड सीरिजचा पहिला सामना या दोघांमध्येच झाला. गिब्सनने १७ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. वर्ल्ड सीरिजच्या एका सामन्यातला हा विक्रम आजही उभा आहे. नवव्या डावात पंधराव्या बळीने कोफॅक्सच्या आधीच्या विक्रमाशी बरोबरी झाली. कॅचर टिम मॅक्कार्व्हर चेंडू परत द्यायचं सोडून त्याला मागच्या फलकाकडे बघायला खुणावू लागला. गिब्सनला ते कळेना, त्याला चेंडू हवा होता. त्याने मागे वळून पाहिलं, गर्जना ऐकली, आणि पुढच्या दोघांनाही तसंच परत पाठवलं.

पण मालिका त्याच्या हातून निसटली. सातव्या सामन्यात सातव्या डावात दोन बाद होईपर्यंत फलक शून्य-शून्य होता. मग दोन साधे हिट झाले, आणि जिम नॉर्थरपने मारलेला चेंडू सेंटरफील्डच्या कर्ट फ्लडच्या डोक्यावरून गेला. फ्लड हा त्या काळातला अव्वल क्षेत्ररक्षक, पण सुरुवातीला तो पुढे आला आणि मागे फिरताना त्याचा पाय घसरला. दोन धावा झाल्या. समोर दोनच दिवसांच्या विश्रांतीवर उतरलेला मिकी लोलिच होता. त्याने मालिकेतला आपला तिसरा विजय मिळवला आणि डेट्रॉइट विजेता ठरला. त्या दुपारी बेसबॉल किती सुंदर असू शकतो हे दिसलं. पिचर अजिंक्य वाटत असतानाही एका क्षणात सगळं फिरू शकतं, ही शक्यता जिवंत होती. नेमकी तीच शक्यता हंगामभर फार क्वचित जाणवली होती. प्रेक्षक घटत होते आणि दूरचित्रवाणीवर फुटबॉल देशाला वेड लावत होता.

डिसेंबर १९६८ मध्ये नियम समिती बसली. तिने दोन निर्णय घेतले. स्ट्राइक झोन पुन्हा १९६२ सारखा, काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत. आणि माउंड १५ इंचांवरून १० इंचांवर. पाच इंच कमी झाल्याने चेंडू वरून खाली झेपावण्याचा कोन थोडा सपाट झाला. बॅट साधारण आडवी फिरते, त्यामुळे सपाट येणारा चेंडू तिच्या वाटेत अधिक काळ राहतो. उतार कमी झाल्याने पिचरच्या पावलाला मिळणारी ओढही घटली.

१९६९ मध्ये चार नवे संघ आले, त्यामुळे लीगमध्ये काही कच्चे पिचरही शिरले. म्हणून सगळं श्रेय पाच इंचांना देता येणार नाही. पण धावा ३.४२ वरून ४.०७ वर गेल्या आणि खेळात श्वास आला. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिज कोणी जिंकली? सतत तळाशी राहिलेल्या न्यूयॉर्क मेट्सनी, तेही पिचिंगच्या बळावर. ह्यूस्टनच्या त्या लांबलेल्या रात्री दहा डाव टाकणाऱ्या सीव्हरने या हंगामात २५ सामने जिंकले. माउंड खाली आला तरी पिचर खाली आला नाही.

अमेरिकन लीगचं दुखणं मात्र पुन्हा उलटलं. १९७२ मध्ये तिथे संघामागे सामन्याला जेमतेम ३.४७ धावा होत होत्या. पिचर स्वतः बॅटिंगला येत आणि बहुतेकांना ती जमत नसे. जानेवारी १९७३ मध्ये लीगच्या मालकांनी ८ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की पिचरच्या जागी बॅटिंगपुरता एक वेगळा खेळाडू ठेवता येईल. ६ एप्रिलला बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये यांकीजचा रॉन ब्लूमबर्ग हा असा पहिला ‘डेझिग्नेटेड हिटर’ म्हणून उतरला. समोर होता तोच लुइस टियांट, आता बोस्टनकडून खेळणारा. त्याने ब्लूमबर्गला चार चेंडू बाहेर टाकून फुकट बेस दिला. त्या हंगामात अमेरिकन लीगच्या धावा ४.२८ वर पोचल्या. नॅशनल लीगने हा नियम कायमचा स्वीकारायला २०२२ साल उजाडलं.

त्यानंतरही झुकाव बदलत राहिला. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७०, २००१ मध्ये बॅरी बाँड्सने ७३ होम रन मारले. २००० मध्ये संघामागे सामन्याला ५.१४ धावा होत होत्या. उत्तेजक औषधांचं सावट त्या सगळ्या काळावर पडलं, आणि २००७ च्या मिचेल अहवालाने ते उघड्यावर आणलं. मग पिचर पुन्हा वरचढ झाले. २०१८ मध्ये मेजर लीगच्या इतिहासात प्रथमच हिटपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले, ४१,०१८ विरुद्ध ४१,२०७. २०२२ मध्ये फलंदाजीची सरासरी ०.२४३ वर आली, १९६८ नंतरची सर्वांत कमी.

२०२३ मध्ये पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलं गेलं, बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, धावपटू असतील तर २०. दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना आतल्या रिंगणातले दोन-दोन क्षेत्ररक्षक ठेवणं सक्तीचं झालं. बेस १५ इंचांऐवजी १८ इंचांचे झाले. चोरून घेतलेले बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. सामने सुमारे २४ मिनिटांनी आखूड झाले, आणि मैदानात पुन्हा पळापळ दिसू लागली.

गिब्सनला त्याच्या थोरवीची शिक्षा झाली, असं आजही अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. माउंड उतरल्यावर १९६९ मध्ये गिब्सनने वीस सामने जिंकले, आणि १९७० मध्ये तेवीस जिंकून नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. १९७२ मध्ये स्टीव्ह कार्लटनने अवघे ५९ सामने जिंकणाऱ्या फिलाडेल्फियासाठी एकट्याने २७ जिंकले. २००० मध्ये, फलंदाजांचं राज्य असताना, बोस्टनच्या पेद्रो मार्तिनेसची सरासरी १.७४ होती, आणि त्याच्या लीगची ४.९१. थोर पिचरला उंच माउंडची गरज नसते. उंच माउंडचा आणि मोठ्या झोनचा फायदा मध्यम पिचरला होतो, आणि मग थोर कोण, मध्यम कोण हे ओळखणंच कठीण होऊन बसतं. गिब्सनचं १.१२ आज चमकतं, कारण सगळ्यांच्या पायाखाली तोच माउंड असताना एवढं खाली फक्त तो एकटा जाऊ शकला.

खरी चूक झाली ती १९६३ मध्ये. एका विक्रमाने घाबरून, एका लाडक्या नावाच्या मायेपोटी, कुठेही करून न पाहता झोन वाढवला गेला. तो निर्णय निस्तरायला सहा हंगाम लागले. १९६८ च्या डिसेंबरमधला निर्णय सहा हंगामांच्या आकड्यांवर उभा होता, म्हणून टिकला. दहा इंचांचा माउंड आजही तेवढाच आहे. २०२३ चं घड्याळही आधी काही वर्षं दुय्यम लीगमध्ये वापरून, तावून-सुलाखून मगच वर आलं. पिचर आणि फलंदाज यांच्यातला समतोल आपोआप राहत नाही. दोघेही शिकत असतात, त्यामुळे तो ढळणारच, आणि तो पुन्हा सावरणं हे खेळ चालवणाऱ्यांचं कायमचं कर्तव्य आहे. ते पार पाडताना एका वर्षाच्या भीतीवर न जाता अनेक वर्षांच्या पुराव्यावर जावं, आणि जो बदल करायचा तो आधी लहान मैदानावर करून पाहावा. १९६३ आणि १९६९ ही दोन वर्षं शेजारी ठेवली की बेसबॉलने सोसून मिळवलेलं हे शहाणपण स्पष्ट दिसतं, आणि बॅट व चेंडूच्या प्रत्येक खेळाने ते घ्यावं इतकं ते मोलाचं आहे.